सहाशे बारा भांड्यांवरचा नंबर

चूक माझी होती. ती मी इलेक्ट्रिक पेनानं, स्वतःच्या हातानं, सहाशे बारा भांड्यांवर कोरून ठेवली आहे. इतरांच्या चुका वर्षं गेली की पुसट होतात म्हणे. माझी स्टेनलेस स्टीलवर आहे, जितकी घासाल तितकी चकाकते.

दर्यापूरच्या बस स्टँडमागे माझं दुकान आहे. पॅन कार्ड, पीक विमा, सातबारा, झेरॉक्स, सगळे ऑनलाइन फॉर्म, आणि पाटीच्या अगदी तळाशी ‘भांड्यावर नाव टाकून मिळेल’. मी बी.कॉम. झालो तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की पोरगं बँकेत काचेमागे बसेल. पोरगं झेरॉक्स मशीनमागे बसलं. त्यातल्या त्यात मानाचं काम म्हणजे जीएसटीचा नंबर काढून देणं. ते करताना मी चष्मा लावतो. काचा साध्या आहेत, पण सातशे रुपये घ्यायला बऱ्या पडतात.

बेबीताई बुंदे माझ्याकडे आली ती याच चष्म्यावर विश्वास ठेवून.

तिचं अकोट रोडला बुंदे बिछायत केंद्र होतं. लग्न असो, तेरवी असो, सप्ता असो, गंज नावाची मोठी पातेली, पराती, ताटं, सतरंज्या, कनाती, बांबू, सगळं भाड्यानं देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. बेबीताई बावन्न-त्रेपन्नची, काटकुळी, आवाज मात्र चार मंडप ओलांडून जाणारा. तिचं एक कसब सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. लग्नघरून ताटं परत आली की ती त्यांची चळत उभी करायची, कडेवरून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत खर्रकन फिरवायची आणि म्हणायची, ‘‘अठ्ठ्यान्नव. दोन कोनाच्या घरी राह्यले?’’ एकदा मी पैज लावून मोजली. अठ्ठ्याण्णवच निघाली. पैजेचे पैसे तिनं घेतले नाहीत, त्याऐवजी त्या अठ्ठ्याण्णव ताटांना फडकं मारून घेतलं.

तेरवीच्या गंजाचं भाडं ती घेत नसे. ‘‘मयताच्या घरचं खाल्लं तं मले पचत नाई,’’ म्हणायची. लग्नवाल्यांचा मात्र एका चमच्यासाठी फोनवर असा छळ मांडायची की नवरदेव स्वतः चमचा घेऊन यायचा.

हे दुकान सुरू केलं तिच्या नवऱ्यानं, किसनरावानं, चाळीस ताटं आणि एका सतरंजीवर. त्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. कावीळ झाली, गावठी औषध घेत बसला आणि बावीस दिवसांत गेला. सगळ्यांनी सांगितलं, भांडी विकून टाक आणि माहेरी जा. तिनं पदर खोचला आणि शिडीवर चढली. मंडपाचा वरचा बांबू स्वतः बांधणारी बाई दर्यापूरनं पहिल्यांदा पाहिली. महिनाभर लोक मंडप बघायला कमी आणि तिला बघायला जास्त यायचे. तिला मूलबाळ नव्हतं. होता तो दीर, गोपाल. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि सासू खाटेला खिळलेली होती. त्याचं नाक तिनं पुसलं, त्याला शाळेत तिनं घातलं, आठवीत नापास झाला तेव्हा मारलं तिनंच आणि किसनराव मारायला उठला तेव्हा मधेही तीच पडली. मोठा झाल्यावर गोपाल दुकानाचा टेम्पो चालवू लागला. भांडी नेणं-आणणं, मंडप उभा करणं, सगळं दोघं मिळून.

चोवीसच्या उन्हाळ्यात निवडणूक लागली. मतदान केंद्रांवरचे मंडप आणि सतरंज्या पुरवायचं काम बेबीताईला पहिल्यांदाच थेट मिळत होतं. एरवी ती कोणा ठेकेदाराच्या हाताखाली ते करायची. बिलावर जीएसटी नंबर हवा होता आणि कागद द्यायला चार-पाच दिवस उरले होते.

‘‘मंग काढ ना बाप्पा,’’ ती म्हणाली. ‘‘कायची वाट पाहून राहिला?’’

मी चष्मा लावला. आधारवर ओटीपी पाठवला. तो आलाच नाही. तिच्या आधारला जोडलेला मोबाइल किसनरावाचा होता, आणि त्याचं सिम कधीच बंद पडून कंपनीनं तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकलेला. मी त्या नंबरवर फोन लावला. बुलढाण्याकडचा कोणी माणूस होता. मी काही बोलायच्या आत बेबीताईनं माझ्या हातातून फोन घेतला.

‘‘हा फोन आमच्या मालकाचा होता भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्यावर आता सहा आकडे आले असतीन, थे सांगता काय?’’

त्यानं फोन ठेवला. आजकाल असे आकडे मागणाऱ्याला कोणीही शिव्याच देतो, त्यानं नुसता ठेवला हे त्यातल्या त्यात बरं.

‘‘मी जाते अमरावतीले,’’ ती उठली. ‘‘आधारवर माहा फोन चढवून आनते.’’

‘‘आठ-दहा दिवस जातीन त्याच्यात, ताई. काम निंघून जाईन.’’ आणि मग मी ते वाक्य बोललो. ‘‘गोपालभाऊच्या नावानं टाकून देऊ. त्याचं पॅन हाय, आधार हाय, मोबाइल हाय. नाव कोनाचंही असो, दुकान तुमचंच. निवडनूक झाली की बदलून तुमच्या नावानं करू.’’

बदलता येतं की नाही हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही हे मला त्या वेळी जाणवलंही नाही. चष्म्यानं माणसाला तेवढा आत्मविश्वास येतो.

गोपाल दुकानाच्या पायरीवर बसून खारे दाणे खात होता. फॉर्मला दुकानासमोरचा फोटो लागतो म्हणून त्याला पाटीखाली उभं केलं. तो केस सारखे करत म्हणाला, ‘‘वैनी, आता मी मालक हाय, मी!’’

‘‘मालक झाला तं पह्यले थे गंज घास,’’ बेबीताई म्हणाली. ‘‘कालपासून खरकटा पडला हाय.’’

त्यानं घासला. मी पाहिलं आहे. हसत हसत, राख लावून, अगदी बुडापर्यंत.

तीन दिवसांनी प्रमाणपत्र आलं. ‘एकल मालकी’, गोपाल रामराव बुंदे. मी ते चौकटीत घालून किसनरावाच्या फोटोशेजारी टांगलं. नियम असा आहे की प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागी लावायचं आणि बाहेरच्या पाटीवर नंबर लिहायचा. संपलं. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण नियमात पुढं लिहिलं होतं की व्यवसायाच्या प्रत्येक ठिकाणी हे करावं, आणि माझं इलेक्ट्रिक पेन लग्नसराई असूनही त्या वर्षी रिकामंच पडलं होतं.

‘‘ताई,’’ मी म्हणालो, ‘‘किराना दुकान एका जागी राहते. तुमचा धंदा तं गावोगाव फिरते. उद्या येवद्याले लग्नात कोन्या साहेबानं पाह्यलं अन् भांड्यावर नंबर नसला तं?’’

‘‘म्हंजे भांड्यावर कोरा लागते?’’

‘‘एका नगाचे तीन रुपये.’’

तिनं थोडा विचार केला. भांड्यांवर पूर्वी किसनरावाचं नाव ऑइल पेंटनं लिहिलेलं असे. राखेनं घासून घासून ते गेलं होतं, आणि नवं लिहायला तिचा जीव धजत नव्हता. ‘‘कोरलं तं जात नाई ना मंग?’’ तिनं विचारलं.

‘‘नातवंडं वापरतीन तरी जानार नाई.’’

बोलून गेलो आणि जीभ चावली. ती म्हणाली, ‘‘राह्यलं म्हंजे झालं.’’

अकरा दिवस मी तिच्या अंगणात पेन घेऊन बसलो होतो. वर ‘बुंदे बिछायत केंद्र, दर्यापूर’, खाली पंधरा अक्षरांचा नंबर. दुपारी ती भाकर आणि ठेचा आणून द्यायची आणि समोर बसून बघायची. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. एकदा एका परातीवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हे काय काय लिवून राहिला, सांग तं खरं.’’

‘‘हे सत्तावीस म्हंजे महाराष्ट्र. मंग हे दहा अक्षरं गोपालभाऊच्या पॅनचे. पुढचे तीन सरकारचे.’’

‘‘अन् यात माहं काय?’’

‘‘परात,’’ मी म्हणालो.

आम्ही दोघंही हसलो. तिला ते इतकं आवडलं की संध्याकाळी गोपाल आल्यावर तिनं त्यालाही सांगितलं, आणि तोही हसला.

निवडणुकीचे पैसे गोपालच्या खात्यात आले. त्यानं त्याच दिवशी काढून रुमालात बांधून तिच्या हातात दिले. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर तो पहिल्यापासून तसलाच होता असं वाटेल.

दिवाळीनंतर एक किराणावाला माझ्याकडे आला. बाप वारला होता, बापाचा नंबर स्वतःच्या नावावर करायचा होता. मी अर्धा दिवस शोधलं, शेवटी अकोल्यात एका सीएकडे काम करणाऱ्या मित्राला फोन केला. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. ‘‘अबे, त्या नंबरात त्या मानसाचं पॅन बसलेलं असते. एकट्या मालकाचा धंदा म्हंजे थो मानूसच. मानूस बदलला की नंबर खलास. दुसऱ्याले दुसराच काढा लागते.’’

मी चष्मा काढून ठेवला. त्या संध्याकाळी बेबीताईला जाऊन सांगायला हवं होतं की, ताई, बदलून करता येत नाही, गोपालचा बंद करून तुमचा नवा काढावा लागेल. पण मग सहाशे बारा भांडी पुन्हा कोरावी लागली असती, तीही फुकट. म्हणून मी उद्या सांगायचं ठरवलं, आणि असे उद्या हिवाळाभर चालले.

त्याच हिवाळ्यात गोपाल एकदा दुकानात येऊन बसला. त्याची बायको गीतांजली अकोल्याची. तिच्या भावाची तिकडेच मूर्तिजापूर रोडला जागा होती, तिथं लग्नाचं लॉन काढायचं चाललं होतं.

‘‘अबे शिव्या,’’ तो मला म्हणाला, ‘‘मले किती पगार हाय सांग.’’

‘‘घरच्या मानसाले कायचा पगार?’’

‘‘थेच तं. वीस वर्सं टेम्पो चालवला. लोकाच्या लग्नात, लोकाच्या मंडपात सतरंजीवर झोपलो. डिझेलले पैसे पाह्यजे तं वैनीले मागा लागते, अन् थे पुसते काल टाकलं थे कुठी गेलं. गीतांजली म्हंते, कागदावर मालक अन् घरात सालदार.’’ त्यानं टेबलावरची पिन उचलून कागदाला टोचली, काढली, पुन्हा टोचली. ‘‘थो नंबर माहाच हाय ना? पक्का?’’

त्याचं दुखणं खोटं नव्हतं. पण मला ऐकू आला तो प्रश्न, आणि उत्तर मला नुकतंच मिळालेलं होतं. मी चष्मा लावून त्याला सगळं समजावून सांगितलं: नंबरात तुमचंच पॅन आहे, तो दुसऱ्या कोणाचा होऊ शकत नाही, कायद्याच्या नजरेत धंदा म्हणजे तुम्हीच. बेबीताईला जे सांगायचं राहिलं होतं ते मी गोपालला सांगितलं, आणि तेही ऐटीत.

तो जाताना म्हणाला, ‘‘लय शिकलेला हाय रे तू.’’

फेब्रुवारीत रिद्धपूरला महानुभावांचा एक मोठा मेळा होता. बेबीताई दोन माणसं आणि चाळीस ताटं घेऊन तीन दिवस तिकडे गेली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गोपालनं दोन ट्रक लावले. मोठी ऑर्डर असेल म्हणून शेजारीही पराती उचलू लागले. कनाती, बांबू, सगळं गेलं. भिंतीवरचं चौकटीतलं प्रमाणपत्रही गेलं. किसनरावाचा फोटो तेवढा राहिला.

तिसऱ्या दिवशी बेबीताई रिकाम्या दुकानातून तडक माझ्याकडे आली. रडत नव्हती. तिच्या हातात रिद्धपूरहून परत आलेलं एक ताट होतं.

‘‘चाल ठान्यात,’’ ती म्हणाली. ‘‘तुले सगळं ठाऊक हाय.’’

जमादार म्हातारा होता, तोंडाचा गोड. गोपालला बोलावणं गेलं, तो तासाभरात आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बेबीताईनं ताट टेबलावर ठेवलं.

‘‘हे भांडे माह्ये हायेत साहेब. पंचवीस वर्सं जमवले. यानं चोरून नेले.’’

‘‘साहेब, चोरी कायची?’’ गोपाल खाली बघत म्हणाला. ‘‘त्याच्यावर नंबर हाय. थो कोनाचा हाय, तेवढं पाहून घ्या.’’

जमादारानं ताट उजेडात धरलं आणि मोबाइल माझ्यापुढं केला. ‘‘तुले येते ना रे हे? टाक.’’

माझंच कोरलेलं वाचत मी जीएसटीच्या साइटवर पंधरा अक्षरं टाकली. गोल चक्र फिरलं. जमादारानं मोठ्यानं वाचलं, ‘‘गोपाल रामराव बुंदे. एकल मालकी.’’

‘‘एकल म्हंजे?’’ बेबीताईनं विचारलं.

‘‘एकट्याचं, बाई.’’

‘‘एकट्याचं कसं? याले तं मी...’’ ती थांबली. मग माझ्याकडे बोट केलं. ‘‘या पोट्ट्याले पुसा साहेब. यानंच काढला नंबर. यानंच म्हंतलं का नाव कोनाचंही असो, दुकान तुमचंच. पुसा.’’

जमादार माझ्याकडे वळला. आवाज तसाच गोड. ‘‘काय रे? धंदा बाईचा अन् फॉर्मात दुसऱ्याचं नाव, असं भरलं काय तू? म्हंजे सरकारले खोटी माहिती देल्ली?’’

माझ्यासमोर दोनच उत्तरं होती. एक दिलं असतं तर माझं दुकान, फॉर्म भरायचा माझा आयडी, कदाचित मी स्वतः, सगळं त्याच टेबलावर गेलं असतं, आणि तिची भांडी कदाचित परत आली असती. कदाचित. हा शब्द मी त्यानंतर पुष्कळदा मनाशी म्हटला आहे, त्यानं बरं वाटतं.

‘‘फॉर्म सांगतला तसा भरला, साहेब,’’ मी म्हणालो. ‘‘कागद बरोबर हायेत.’’

बेबीताईनं मला शिवी दिली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं ती परत आलेल्या ताटाला पोचा पडला का म्हणून बघायची तसं, क्षणभर. मग टेबलावरचं ताट उचललं, जमादाराच्या बोटांचे ठसे पदरानं पुसले आणि म्हणाली, ‘‘बरं.’’

‘‘हा दिवानी मामला हाय, बाई,’’ जमादार म्हणाला. ‘‘कोर्टात जा.’’

बाहेर गोपाल तिच्या मागं मागं आला. ‘‘वैनी, उपाशी नाई मरू देनार तुले. आईसारखी हायेस.’’

‘‘थे चाळीस ताटं पन घेऊन जा मंग,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्यावरबी तुहंच नाव हाय.’’

त्यानं खरंच नेली, चार दिवसांनी.

मार्चमध्ये ती अमरावतीला कमलाकांत वकिलांकडे गेली. मला सोबत नेलं, कारण तिच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. ठाण्यातला प्रकार होऊनही तिनं मलाच विचारलं, ‘‘चालतं काय?’’ आणि मी गेलो. वकील सभ्य गृहस्थ. त्यांनी खरेदीची बिलं मागितली. बिलं कुठून असणार? किसनराव अकोल्याच्या भांडी बाजारातून रोख देऊन आणायचा, दर कापसाच्या हंगामाला थोडी थोडी. पण तिला एकेक नग पाठ होता: हे सहा गंज ज्या वर्षी माहेरची गाय विकली त्या वर्षीचे, त्या पराती हातातल्या पाटल्या मोडून घेतलेल्या, ती लहान वाटी नणंदेच्या लग्नात आली ती परत न्यायला कोणी आलंच नाही. वकील सगळं लिहून घेत होते. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

‘‘बाई, तुम्ही खरं बोलता आहात याबद्दल मला शंका नाही. पण कोर्टात कागद लागतो, आणि या प्रकरणात एकच कागद आहे, तो त्यांच्या बाजूचा. दिवाणी दावा आहे, पाच-सात वर्षं सहज.’’ मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘फॉर्म कोणी भरला, का भरला, असं यांचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर थोडं बळ येईल.’’

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. वलगाव मागं पडल्यावर तिनं विचारलं, ‘‘देशीन काय रे थे?’’

‘‘विचार करतो, ताई.’’

‘‘कर,’’ ती म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी विचार करतो आहे अजून.

गोपालनं जीएसटीत दुकानाचा पत्ता बदलून अकोला केला, म्हणजे दर्यापूरच्या पाटीवर तो नंबर ठेवणंही आता नियमाबाहेर होतं. बेबीताईच्या दुकानाच्या घरमालकानं मला सांगितलं, नंबर पुसून टाक. मी शिडी लावून पांढरा रंग मारत होतो तेव्हा बेबीताई खाली उभी राहून सांगत होती, ‘‘तिकडे थोडा राह्यला. डाव्या बाजूनं.’’ मी खाली उतरून म्हणालो, ‘‘ताई, आता आधारला तुमचा फोन लागला हाय. तुमच्या नावानं नवा नंबर काढून देतो. फुकट.’’

‘‘कोरू कायच्यावर?’’ तिनं विचारलं.

एप्रिल-मेच्या लग्नसराईत ती दुसऱ्या बिछायतवाल्याकडे मंडप बांधायला गेली. तो तिला शिडीवर चढू देईना, वय झालं म्हणून. जूनमध्ये दुकानाची जागा गेली. मग एक दिवस कळलं की बेबीताई अकोल्याला गेली, गोपालच्या लॉनवर. गावात लोक म्हणाले, शेवटी दिरानं सांभाळलंच. मीही दोघा-तिघांना असंच सांगितलं.

डिसेंबरात माझ्या कॉलेजच्या मित्राचं लग्न अकोल्याला त्याच लॉनवर निघालं. न जाता आलं असतं, पण मित्र जवळचा. दुपारची पंगत होती. ताट समोर आलं आणि भातावर वरण पडायच्या आत कडेला माझं अक्षर दिसलं. नंबरातला माझा झेड नेहमी जरा वाकडा पडतो.

हात धुवायला मागं गेलो तर भांडी घासायच्या जागी तीन बाया होत्या, आणि बाजूला खाटेवर बेबीताई. घासून आलेल्या ताटांची चळत तिच्यासमोर होती. नख फिरवलं, खर्रकन. ‘‘एक्यान्नव,’’ ती एका बाईला म्हणाली. ‘‘नऊ पंगतीत हायेत अजून, पाहून ये.’’ मग मला पाहिलं.

‘‘जेवला काय?’’

‘‘जेवलो, ताई.’’

‘‘जिलेबी घेतली का नाई? आज चांगली झाली.’’ ती अंगानं अर्धी झाली होती. आवाज मात्र तोच. तिनं एक ताट उचलून दाखवलं. ‘‘हे पाह्य. या ताटावर तुवा लय खोल कोरलं होतं. त्यात राख अडकते. बायांले दोनदा घासा लागते.’’

मागून गोपाल आला, नव्या जाकिटात. मला पाहून ओळख दिली आणि बरोबरच्या माणसाला सांगितलं, ‘‘आमची मोठी वैनी. तिच्याबिगर इथं एक चमचा हिसोबात राहत नाई.’’ आणि पुढं गेला. तिला दिवसाला तीनशे मिळत होते आणि भांड्यांच्या खोलीत झोपायला जागा. बिनलग्नाच्या दिवशी नुसती जागा.

मी खाटेच्या कडेला बसलो. म्हणालो, ‘‘ताई, थे प्रतिज्ञापत्र... मी देऊ शकतो. अजूनबी.’’

बोलताना मी चष्मा काढला होता की नाही ते आठवत नाही.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘पाच-सात वर्सांनं कोर्टानं देल्ले, तं मी ठेवू कुठी? अन् तोवर हे मोजन कोन? या पोरी एकावर एक आपटतात.’’ तिनं पुढची चळत ओढून घेतली. ‘‘इथं निदान मोजता येते.’’

मी उठलो. स्टँडवर जायला मागच्या फाटकाशी उभा ऑटोवाला चाळीस मागत होता. माझा फोन बॅटरी संपून बंद पडलेला, खिशात बसच्या तिकिटापलीकडे रोख काही नाही. हल्ली कोणाच्याच खिशात काही नसतं. ती खाटेवरून हे बघत होती. कमरेची पिशवी सोडली, दहाच्या चार नोटा काढल्या, एकदा मोजल्या आणि माझ्या हातात दिल्या.

‘‘घरी गेलो की फोनवर टाकतो, ताई,’’ मी म्हणालो.

‘‘मले थे फोनातले पैसे काढता येत नाई. येशीन तवा दे.’’

त्यानंतर मी दोनदा अकोल्याला जाऊन आलो. एकदा झेरॉक्सच्या टोनरसाठी, एकदा उगाच. मूर्तिजापूर रोडची बस लॉनच्या फाटकासमोरूनच जाते, कंडक्टरला सांगितलं तर थांबतेही. ते चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.